रोव्हरचं व्ही-एट आणि बाबांचं मायक्रोमीटर

जनरल मोटर्सने १९६१ च्या मॉडेलांसाठी एक छोटं व्ही-एट (V च्या आकारात आठ सिलिंडरचं) इंजिन काढलं होतं. २१५ क्युबिक इंच, म्हणजे आपल्या हिशोबात साडेतीन लिटर, ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, हेडही (सिलिंडरांवरची झाकणं) ॲल्युमिनियमचे आणि सगळं मिळून वजन साधारण १४५ किलो. अमेरिकेत तेव्हा पाच-सहा लिटरची बिडाची धुडं लोक रोज ऑफिसला घेऊन जायचे, त्यामानाने हे फारच लहान. ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉन्टिॲक तिघांनी वापरलं आणि १९६३ ला बंदही करून टाकलं. कास्टिंगमध्ये बरेच ब्लॉक वाया जायचे, गिऱ्हाईक रेडिएटरमध्ये नीट अँटिफ्रीझ घालायचं नाही, मग आतून ॲल्युमिनियम गंजायचं आणि तो गाळ रेडिएटरमध्ये जाऊन बसायचा, शिवाय तोवर पातळ भिंतींचं बिडाचं कास्टिंग जीएमला जमायला लागलं होतं आणि ते स्वस्तही पडत होतं. हिशोब समजतो. पण हे इंजिन मी जेवढं आतून बघितलंय त्यावरून मला मनापासून वाटतं की बंद करणाऱ्यांनी त्याला पुरेसा वेळच दिला नाही.

कारण पुढे काय झालं बघा. १९६६ ला फॉर्म्युला वनचे नियम बदलले, तीन लिटरची इंजिनं आली. फेरारी आणि मासेराती बारा सिलिंडर घेऊन उतरले, बीआरएमने सोळा सिलिंडरचं इंजिन बनवलं. आणि ऑस्ट्रेलियात रेप्को कंपनीत फिल अर्व्हिंग यांनी ओल्ड्समोबिलचा हाच टाकून दिलेला ब्लॉक घेतला, त्यावर स्वतः डिझाइन केलेले ओव्हरहेड कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, वर असलेले) हेड बसवले, तीन लिटरचं केलं, ताकद जेमतेम तीनशे हॉर्सपॉवरच्या घरात. जॅक ब्राबम तेवढ्यावर फ्रान्स, ब्रिटन, हॉलंड, जर्मनी अशा लागोपाठ चार ग्रां प्री जिंकले आणि स्वतःच्या नावाच्या गाडीत वर्ल्ड चॅम्पियन झाले. असं करणारा दुसरा ड्रायव्हर अजून झालेला नाही. इंजिन हलकं होतं, साधं होतं, शेवटपर्यंत टिकायचं, बाकीच्यांची तशी टिकत नव्हती.

आणि मग रोव्हर. इंग्लंडातल्या रोव्हरचे मॅनेजिंग डायरेक्टर विल्यम मार्टिन-हर्स्ट दुसऱ्याच कसल्या तरी व्यवहारासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनला मर्क्युरी मरीनमध्ये, म्हणजे बोटींची इंजिनं करणाऱ्या कंपनीत गेले होते, तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांना हे ब्यूकचं इंजिन पडलेलं दिसलं. रोव्हरच्या स्वतःच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा वजनाने आणि लांबीने ते फारसं जास्त नव्हतं. १९६५ ला हक्क घेतले, ब्यूकचे जो टर्ले नावाचे इंजिनियर मदतीला इंग्लंडात आले, कास्टिंगची पद्धत बदलली, वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतून लायनर (सिलिंडरचा आतला नळा) नंतर दाबून बसवायला लागले आणि १९६७ पासून रोव्हरच्या गाड्यांत हे इंजिन आलं. मग मॉर्गन प्लस एट, रेंज रोव्हर, एमजीबी, टीव्हीआर, लांबलचक यादी आहे. अमेरिकेत तीन वर्षं टिकलेलं इंजिन इंग्लंडातल्या गाड्यांत २००४ पर्यंत बसत राहिलं.

माझ्याकडे आहे ती १९८० ची रोव्हर एसडीवन, सॉलिहलला बनलेली. मी कॉव्हेंट्रीत राहतो, सॉलिहल इथून अर्ध्या तासावर. आपल्याकडच्या काही लोकांना हा आकार वेगळ्याच नावाने आठवत असेल, स्टँडर्ड २०००. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ ला हीच बॉडी भारतात आणली पण बॉनेटखाली व्ही-एट नव्हतं, दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं ज्याची मूळ रचना १९४० च्या दशकातल्या व्हॅनगार्ड गाडीची. गाडी काही वर्षांतच बंद झाली. लहानपणी आमच्या चिंचवडला एका डॉक्टरांकडे होती, शाळेतून येताना मी तिच्याकडे बघत उभा राहायचो, आणि तिच्यात जे इंजिन असायला हवं होतं ते नाहीये हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्यामुळे इथे आल्यावर कधीतरी एसडीवन घ्यायची हे ठरलेलंच होतं.

घेतली तेव्हा चालू होती, पण दम नव्हता. कारखान्याने १५५ हॉर्सपॉवर सांगितलेली गाडी, पण एखादी साधी डिझेल हॅचबॅक चढावर सहज पुढे निघून जायची. थंड असताना टॅपेटचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तुकड्याचा) आवाज, गरम झाल्यावर हलकंसं मिसिंग, ऑइल काळं आणि घट्ट. मग ठरवलं की पूर्ण इंजिन काम करायचं, आणि करायचंच आहे तर कारखान्यातून निघालं होतं त्यापेक्षा चांगलं करायचं. आणि त्याच उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे येणार होते.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीला टाटांच्या टेल्कोच्या टूलरूममध्ये गेली. गाड्यांची आवड असं काही त्यांना नाही, त्यांना मापांची आवड आहे. बॅगेत त्यांनी स्वतःचं मायक्रोमीटर आणलं होतं, लाकडी पेटीत, सुती कापडात गुंडाळलेलं. मी त्यांना सॉलिहलला घेऊन गेलो, लोड लेनवरची ती फॅक्टरी बाहेरून दाखवली, २००८ पासून जॅग्वार लँड रोव्हर टाटांकडे आहे हे त्यांना माहीत होतंच पण गेटसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझी गाडी इथली?" म्हटलं हो. "मग आपल्याच कंपनीची की. नीट करू या." त्यानंतर ते गॅरेजमध्ये पाहुणे म्हणून बसले नाहीत, रोज चहा झाला की हजर.

मला या सगळ्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आणि हा लेख मी तेवढ्यासाठीच लिहितोय. परफॉर्मन्स वाढवायचा म्हटलं की लोक आधी कॅटलॉग उघडतात, मोठा कार्बोरेटर, जास्त उचल देणारा कॅम, चकचकीत मॅनिफोल्ड. पण इंजिनात ताकद आधीच असते, ती कुठे कुठे अडते आणि कुठून गळते हे शोधणं हेच खरं काम. आणि ते शोधायला मोजावं लागतं. बाबांना हे सांगावं लागलं नाही, त्यांना दुसरं काही माहीतच नाही.

हेड उघडण्याआधी वरचं इनटेक मॅनिफोल्ड काढलं आणि खालचं पत्र्याचं गॅस्केट उचललं तर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या दरीत डांबरासारखा काळा थर. या इंजिनाची ही जुनी खोड आहे आणि त्याचं कारण फार छान आहे, म्हणजे कळल्यावर छान वाटतं. जुन्या हेडला प्रत्येकी चौदा बोल्ट असतात. दहा बोल्ट सिलिंडरांभोवती आणि चार बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्टच्या खाली, वेगळ्या रांगेत. ही बाहेरची रांग बाकीच्यांइतकी आवळली की हेड त्या बाजूला किंचित कलतं आणि आतल्या बाजूची, दरीकडची पकड सैल होते. मग जळलेला वायू थोडा थोडा दरीत गळतो, ऑइल खराब होतं, त्याचा चिखल होतो, चिखलाने ऑइलच्या वाटा बंद होतात आणि शेवटी त्याची किंमत कॅमशाफ्ट मोजतो. रोव्हरने १९९० च्या दशकात नवीन हेड काढले तेव्हा ती बाहेरची रांग सरळ काढूनच टाकली, दहाच बोल्ट ठेवले.

मी बाबांना सांगितलं की बसवताना आपण बाहेरचे चार हलक्या हाताने लावायचे. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "डिझाइनवाल्याने चौदा दिलेत आणि तू चार ढिले सोडणार?" मग त्यांनी कागद घेतला, हेडचा आडवा छेद काढला, बोल्टांच्या जागा मांडल्या, बाण काढले, कुठली बाजू दाबली जाते कुठली उचलली जाते ते बघितलं, बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाले की हे बरोबर आहे, पण पूर्ण ढिले नाही, गॅस्केटची कड बसेल एवढे लाव. तसेच लावले.

कॅम बाहेर आला तेव्हा दमाचं कोडं सुटलं. स्टँडर्ड कॅमच्या लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उचल साधारण ६.२ मिलीमीटर असते, रॉकर १.६ पटीने वाढवतो म्हणून व्हॉल्व्ह ९.९ मिलीमीटर उघडतो. आमच्या सोळा लोबमधले काही इतके घासले होते की डायल गेजवर काटा अर्ध्यावरच थांबत होता. म्हणजे तो सिलिंडर हवाच घेत नव्हता, बाकीचे त्याचं ओझं ओढत होते. बाबांनी सोळाही लोबची मापं वहीत उतरवली, आखलेल्या रकान्यांत, टूलरूमच्या सवयीने तारीख आणि खोलीचं तापमान टाकून.

मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, म्हणजे घास किती आणि गोलाई किती बिघडली दोन्ही कळतं. वर नखाला लागेल असा काठ तयार झाला होता, पिस्टन रिंग जिथपर्यंत येते तिथला. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज करायचं ठरलं. बोअरिंगसाठी ब्लॉक इथल्या एका मशीन शॉपला दिला आणि त्यांनी एक गोष्ट केली जी मी आधी फक्त वाचली होती, हेडच्या जागी जाडजूड लोखंडी प्लेट बोल्टने आवळली आणि मग होनिंग, म्हणजे बोअर दगडाने घासून शेवटच्या मापाला आणणं, केलं. कारण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्ट आवळले की लायनर किंचित वाकडा होतो, उघड्या ब्लॉकवर गोल केलेला बोअर हेड बसवल्यावर गोल राहत नाही. प्लेट लावून केलं की प्रत्यक्ष चालताना जो आकार असणार तोच गोल होतो. बाबा तिथे शेजारी उभे राहून सगळं बघत होते, भाषा फारशी लागलीच नाही, त्या मशीनिस्टने बोअर गेज त्यांच्या हातात दिलं आणि दोघं आकडे बोटांनी दाखवत बोलत राहिले.

पुढे साडेतीन लिटर सोडून ३.९ आणि ४.६ लिटर झाली ती बोअर ९४ मिलीमीटरला नेऊन (४.६ साठी स्ट्रोकही वाढवून), त्यात लायनरमागची भिंत पातळ झाली आणि लायनरच्या मागे तडे जाणं, लायनर सरकणं हे दुखणं सुरू झालं. ८८.९ च्या बोअरवाल्या आमच्या ब्लॉकला ती भीती कमी. क्षमता वाढवायचा मोह मी त्यामुळेच टाळला.

हेडबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण माझ्या मते या इंजिनाचा निम्मा परफॉर्मन्स तिथे आहे. एसडीवनच्या हेडला आधीच्या गाड्यांपेक्षा मोठे व्हॉल्व्ह आहेत, इनटेकचा जवळपास ४० मिलीमीटर. पण व्हॉल्व्ह मोठा असून भागत नाही, त्याच्या मागची वाट बघायची. पोर्टमध्ये व्हॉल्व्ह गाईडभोवती कास्टिंगचा एक जाड उंचवटा असतो, पावसाळ्यात ओढ्याच्या मधोमध दगड बसावा तसा, हवा त्याच्यावर आपटून फाटते. तो घासून निमुळता करायचा. सीटच्या लगेच खाली मशीनने सोडलेली एक धारदार पायरी असते ती मिटवायची. सीटला तीन कोन द्यायचे. एवढंच. पोर्ट भसकन मोठा करायचा नाही, मोठा केला की हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला इंजिन झोपतं. आणि इनटेक आरशासारखा चकचकीत करायचा नाही, थोडा खरखरीत राहू द्यायचा, नाहीतर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळतात. एक्झॉस्ट हवा तेवढा चमकवा, तिथे काजळी कमी धरते.

मग कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते. इथे एक हिशोब आहे आणि तो केल्याशिवाय लोक हेड बसवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. ३५२८ सीसीला आठने भागा, एका सिलिंडरचे ४४१. कम्प्रेशन रेशो ९.३५ म्हणजे पिस्टन वर असताना राहिलेली जागा साधारण ५३ सीसी, त्यात हेडच्या चेंबरचे सुमारे ३६, बाकी पिस्टनची वाटी, गॅस्केटची जाडी वगैरे. मूळ गॅस्केट पातळ पत्र्याचं होतं. आता मिळतं ते कॉम्पोझिट, सील छान करतं पण आवळल्यावरही मूळच्यापेक्षा अर्ध्या मिलीमीटरहून जास्त जाड. ८८.९ च्या बोअरवर ०.६ मिलीमीटर म्हणजे पावणेचार सीसी. ते ५३ मध्ये मिळवा आणि पुन्हा भाग द्या, ९.३५ चं ८.८ होतं. म्हणजे नवीन गॅस्केट घालून, सगळं नीट करून, इंजिन आधीपेक्षा मंद. म्हणून हेड तासून घ्यावे लागतात, किती ते प्रत्येक चेंबर ब्युरेटने पाणी सोडून मोजल्यावरच कळतं. ब्युरेट आणि पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी, मध्ये भोक, कडेला ग्रीस. आठही चेंबर एकमेकांच्या अर्ध्या सीसीच्या आत आणले. हेड तासला की तो खाली येतो, पुशरॉड तेवढाच लांब राहतो, मग हायड्रॉलिक टॅपेट आत जास्त दाबला जातो, म्हणून रॉकरच्या पायाखाली शिम घालून ते जुळवायचं. एका ठिकाणी हात लावला की चार ठिकाणी मोजायला लागतं, आणि बाबांना नेमकं तेच आवडत होतं.

कॅम मी मध्यम घेतला, रस्त्यावर चालवायची गाडी आहे. पण कॅम नुसता खुणेला खूण जुळवून बसवला की झालं असं नाही, चेनमध्ये, गिअरमध्ये, किल्लीच्या खाचेत थोडी थोडी चूक असते आणि ती एका दिशेला जमा झाली तर चार-पाच अंश सहज जातात. क्रँकवर डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) लावली, जाड तारेचा काटा केला, डायल गेज टॅपेटवर टेकवलं आणि इनटेकची पूर्ण उचल नेमकी कितव्या अंशाला येते ते दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढला. कॅमबरोबर सोळाही टॅपेट नवीन घालायचे, जुने कधीच नाही. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असतो पण अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो, त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो. फिरायचा थांबला की लोब खायला लागतो.

क्रँक, रॉड, पिस्टन बॅलन्सिंगला पाठवले. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) बघितली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं मापात होतं. ब्लॉकमधल्या सगळ्या आट्यांमधून टॅप फिरवला, काही ठिकाणी आटे गेले होते तिथे हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) घातले. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट लावताना हाताला कळतं कुठे थांबायचं, पण टॉर्क रेंचला जास्त कळतं.

ऑइल पंपाबद्दल मात्र सांगतो, कारण यात लोकांची नवी कोरी इंजिनं गेली आहेत. या इंजिनाचा पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये आहे, संपपासून उंचावर, आणि कोरडा असेल तर तो ऑइल खेचतच नाही. म्हणून पंपाच्या गिअरमध्ये व्हॅसलिन ठासून भरायचं, साधं, औषधाच्या दुकानातलं. फिरायला लागला की व्हॅसलिनने हवा अडते, पंप ऑइल ओढतो आणि व्हॅसलिन ऑइलमध्ये विरघळून जातं. नंतर डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून रॉड घालून ड्रिल मशीनने पंप फिरवायचा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. आईने नवीन डबी बघून विचारलं हे गॅरेजमध्ये कशाला, बाबांनी तिला संपूर्ण पंप समजावून सांगितला, कव्हर हातात घेऊन.

नवीन कॅमवालं इंजिन सुरू झाल्यावर आयडलला ठेवायचं नसतं. लगेच दोन ते अडीच हजार आरपीएमला न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच ठेवायचं, थोडं वर-खाली करत. कॅमच्या लोबना ऑइल क्रँकच्या उडण्यातून मिळतं, आयडलला ते पुरेसं उडत नाही आणि पहिल्या काही मिनिटांतच लोब आणि टॅपेट एकमेकांवर बसतात, बसले तर आयुष्यभराचे बसले नाहीतर गेले. ऑइलही जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घ्यायचं, आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलेलं असतं. पहिल्याच प्रयत्नात लागलं. मी थ्रॉटलवर, बाबा ऑइल गेजसमोर, शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलेलं की वीस मिनिटं आवाज होणार आहे. गरम झाल्यावर प्रेशर पस्तीस पीएसआयच्या आसपास आलं तसं बाबांनी हात वर केला, कमी आहे म्हणून. हे इंजिन गरम असताना तीस ते चाळीसवरच चालतं हे मला ओरडून सांगावं लागलं, तरी वीस मिनिटं त्यांची नजर काट्यावरून हलली नाही.

आणि तो आवाज. व्ही-एटचा तो गुरगुरता लयबद्ध आवाज येतो कुठून हे मी बाबांना वहीतच काढून दाखवलं. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. आता वाचा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. एकूण ठोके समान अंतराने पडतात, पण प्रत्येक बाजूच्या एक्झॉस्टमध्ये दोन ठोके पाठोपाठ येतात आणि मग मोठी फट. उजवीकडे आठ आणि चार, डावीकडे पाच आणि सात. ती अडखळणारी चाल म्हणजेच तो आवाज. बाबांनी ढोलाच्या ठेक्यासारखं टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून बघितलं आणि मग दर वेळी गाडी सुरू झाली की ते पाच-सात, पाच-सात असं पुटपुटायला लागले.

रनिंग-इन झाल्यावर ऑइल बदललं, फिल्टर कापून कागद उलगडला, चमकणारे कण नाहीत, कॅम बसला. रोलिंग रोडवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर) नेली तर तिथल्या माणसाने फ्लायव्हीलचा अंदाज १८५ च्या आसपास दिला. पण आकड्यापेक्षा मला टॉर्कची रेषा आवडली, दोन हजारापासून पुढे जवळपास सपाट. ब्रॉडवे गावाच्या वर फिश हिलचा चढ आहे, ए४४ वर, तिथे टॉप गिअरमधून खाली न येता गाडी चढते आणि अजून पाय शिल्लक राहतो. आई मागे बसली होती, ती म्हणाली आता ही गाडी ओढत नाहीये, नुसती जातेय. माझ्या दृष्टीने रोलिंग रोडच्या कागदापेक्षा हे प्रमाणपत्र मोठं.

एक गोष्ट अजून राहिलीय. साडेचार हजार आरपीएमच्या वर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, प्लग बघितले तर पांढरट. एसयू कार्बोरेटरच्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुया जुन्या कॅमच्या हिशोबाच्या आहेत आणि हेड आता जास्त हवा घेतायत, त्यामुळे जरा जाड मिश्रण देणाऱ्या सुया लागणार हे उघड आहे. मी ऑर्डर टाकणारच होतो. बाबा आता चिंचवडला परत गेलेत, त्यांना व्हॉट्सॲपवर प्लगचे फोटो पाठवले, रात्री त्यांचा फोन आला. "सुई बदलायच्या आधी दोन्ही कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल मोजलीस का? आकडे पाठव." मोजली नव्हती, त्याची पाळी यायचीच होती. शनिवारी दोन्ही उघडणार आहे, तोवर ऑर्डर थांबवली आहे.